प्राण्यांना वेदनाशामक पॅच लावताना: तयारी, क्रम आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

सकाळी १० ला ऑपरेशन, ९:३० ला पॅच लावल्याची नोंद. असा केसपेपर माझ्या हातात कितीतरी वेळा आला आहे. लावणाऱ्याला त्या कुत्र्याची काळजीच असते, पण त्याच्या रक्तात औषध पुरेसं चढेपर्यंत रात्र होते. मधले सगळे तास तो वेदनेत काढतो आणि कुणी दुसरं इंजेक्शन देत नाही, कारण कागदावर 'पॅच आहे' असं लिहिलेलं असतं.

पॅचच्या बहुतेक चुका वेळेच्या असतात, उरलेल्या त्वचेच्या. डोसाची चूक त्यामानाने कमी दिसते. म्हणून इथे वेळ आणि त्वचा यांवरच जास्त लिहिलं आहे. हा लेख दवाखान्यात शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आहे. कोणता पॅच, किती ताकदीचा, हे डॉक्टर ठरवतात. तो नीट लागणं, टिकणं, त्यावर लक्ष राहणं आणि शेवटी सुरक्षित नष्ट होणं आपल्या हातात असतं.

## पहिल्यांदा पाकीट वाचा

दवाखान्यात मुख्यतः दोन प्रकारचे पॅच दिसतात आणि त्यांचं काम अगदी वेगळं आहे.

फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक. त्याचा पॅच औषध त्वचेतून रक्तात सोडतो आणि असर सगळ्या शरीरावर होतो. त्यामुळे तो जखमेजवळ लावायची गरज नसते. लिडोकेन हे जागा बधिर करणारं औषध. त्याचा पॅच लावला त्याच भागापुरता काम करतो, म्हणून तो टाक्यांच्या दोन्ही बाजूंना, अखंड त्वचेवर लावतात. उघड्या जखमेवर लावत नाहीत. लिडोकेनचा ५ टक्क्यांचा पॅच मापाप्रमाणे कापता येतो, फेंटानिलचा कापायचा नाही. दोन्ही पॅच एकाच कपाटात, एकाच ट्रेमध्ये ठेवू नका. घाईत हात चुकतो.

पुढचं सगळं फेंटानिलच्या पॅचबद्दल आहे. तो माणसांसाठी बनवलेला असतो आणि प्राण्यांवर डॉक्टरांच्या जबाबदारीवर वापरला जातो. पाकिटातल्या माहितीपत्रकावरचे तास आणि डोस आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

## टप्पा १: घड्याळ उलटं मोजा

कुत्र्यात असर यायला साधारण १२ ते २४ तास लागतात, मांजरात ६ ते १२. एकदा असर सुरू झाला की कुत्र्यात तो लावल्यापासून ७२ तासांपर्यंत धरतात. मांजरात बऱ्याचदा त्याहून जास्त, ३ ते ५ दिवस टिकतो. हे आकडे सरासरीचे आहेत. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांना एकाच ताकदीचा पॅच लावला तरी रक्तातलं प्रमाण खूप वेगळं निघू शकतं.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर कुत्र्याला आदल्या दिवशी बोलवा. मांजराला आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी पहाटे लावलेला पॅच चालतो. अपघाताची केस असेल तर उलटं मोजायला वेळच नसतो. तेव्हा पॅच लावायचा असेल तर जरूर लावा, पण मधल्या तासांसाठी दुसरं वेदनाशामक डॉक्टरांकडून लिहून घ्या: मेथाडोन किंवा मॉर्फिनची इंजेक्शनं, किंवा फेंटानिलचंच सलाइनमधून संथ इन्फ्युजन.

सावधान: मधल्या वेळेसाठी सवयीने ब्युटोरफॅनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन भरू नका. ही औषधं ज्या जागी जाऊन बसतात, तिथेच फेंटानिलला काम करायचं असतं. मग पॅच असूनही त्याचा असर अर्धवट मिळतो. ऑर्डर तशी दिसली तर डॉक्टरांना एकदा विचारा.

तपासा: 'पॅचचा असर सुरू होईपर्यंत काय?' याचं उत्तर केसपेपरवर औषधाच्या नावासह आणि वेळेसह आहे का? नसेल तर पाकीट फोडू नका.

## टप्पा २: रुग्णाला पॅच चालेल का

वजन आज करा. मागच्या भेटीतलं वजन उतरवून घेऊ नका. आजारी मांजर दोन आठवड्यांत किती उतरतं हे वजनकाट्यावरच कळतं.

ताकदीचा पडताळा सोपा आहे. कुत्र्यात तासाला किलोमागे साधारण २ ते ५ मायक्रोग्रॅम, या हिशोबात ऑर्डर बसते का ते पाहा. १८ किलोच्या कुत्र्याला ५० चा (म्हणजे तासाला ५० मायक्रोग्रॅम सोडणारा) पॅच लिहिला असेल तर किलोमागे पावणेतीनच्या आसपास पडतात, म्हणजे ठीक. ढोबळमानाने १० किलोपर्यंत २५, १० ते २० किलोला ५०, २० ते ३० किलोला ७५ आणि त्यापुढे १०० अशी विभागणी चालते. अगदी लहान मांजर किंवा कुत्रा असेल तर १२ चा पॅच लिहिला जातो.

छोट्या प्राण्यासाठी मोठा पॅच कापून अर्धा करण्याचा मोह होतो. काही पॅचमध्ये औषध पिशवीसारख्या थरात भरलेलं असतं. तो कापला की सगळं औषध एकदम बाहेर येतं, प्राण्याच्याही अंगावर आणि तुमच्याही. काहींमध्ये औषध चिकट थरातच मुरवलेलं असतं, पण वरून पाहून दोन्हींत फरक कळतोच असं नाही. म्हणून कोणताच कापू नका. अर्धाच भाग वापरायचा असेल तर डॉक्टर चिकट बाजूवरचं आवरण अर्धंच काढायला सांगतील.

डॉक्टरांच्या कानावर या गोष्टी आवर्जून घाला: ताप, श्वासाचा त्रास, डोक्याला मार, पॅचच्या जागी खाज किंवा पुरळ, आणि घरी चालू असलेली औषधं. म्हाताऱ्या कुत्र्यांना दिली जाणारी सेलेजिलीन यात सर्वांत महत्त्वाची. तिच्यासोबत फेंटानिल धोक्याचं ठरू शकतं. ट्रामाडॉल आणि किटोकोनॅझोल चालू असेल तर तेही सांगा. मालक स्वतःहून बोलत नाहीत. 'काही औषध चालू आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. 'रोज सकाळी काय काय देता?' असं विचारा, मग गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीतून बाहेर येतात.

## टप्पा ३: सामान आधी मांडा

क्लिपर, साधं कोमट पाणी, गॉज, मऊ कोरडा टॉवेल, नायट्राइलचे हातमोजे, पारदर्शक चिकट ड्रेसिंग किंवा हलकं बँडेज, मार्कर, नियंत्रित औषधांची नोंदवही आणि प्राण्याला धरायला दुसरं माणूस. पॅचचं पाकीट शेवटी, सगळं तयार झाल्यावरच फोडायचं. फोडण्याआधी ताकद आणि मुदत दोघांनी मोठ्याने वाचायची.

## टप्पा ४: जागा

जागा निवडताना तीन प्रश्न विचारते. प्राण्याचं तोंड तिथे पोचतं का? तिथली त्वचा हालचालीत दुमडते का? तो त्या बाजूवर झोपणार आहे का?

कुत्र्यात मानेची वरची बाजू किंवा छातीची बाजू, मांजरात छातीची बाजू किंवा दोन खांद्यांमधला भाग सोयीचा पडतो. मानेवर लावला तर गळपट्टा काढून ठेवा. फिरवताना छातीचा पट्टा वापरणार असाल तर तो छातीवरच्या पॅचला घासणार नाही हे पाहा. ऑपरेशनची जागा आणि डागण्याच्या यंत्राची (कॉटरीची) प्लेट यांपासून पॅच लांब हवा. एमआरआय होणार असेल तर आधीच सांगा, काही पॅचच्या पाठीच्या थरात धातू असतो.

ऑपरेशन टेबलावर प्राणी कोणत्या कुशीवर असणार आणि गरम गादी कुठे असणार, हेही आत्ताच विचारा. का, ते टप्पा ८ मध्ये.

## टप्पा ५: केस आणि त्वचा

जास्तीत जास्त पॅच इथे फसतात.

पॅचच्या चारही बाजूंना किमान दोन बोटं मोकळी राहतील इतके केस क्लिपरने काढा. ब्लेड त्वचेला समांतर आणि थंड ठेवा. रेझर वापरू नका. डोळ्याला न दिसणारे ओरखडेसुद्धा औषध भरभर आत सोडतात. केस काढण्याचं क्रीम तर मुळीच नको, ते त्वचेचा वरचा थरच बदलून टाकतं. क्लिपरने कुठे खरचटलं, लाली आली, तर जागा बदला. 'थोडंसंच आहे' म्हणून तिथेच लावू नका.

मग गॉज साध्या पाण्यात भिजवून त्वचा पुसा. स्पिरिट, साबण, क्लोरहेक्सिडीन यांतलं काहीही नको. ऑपरेशनच्या तयारीची सवय हाताला इतकी लागलेली असते की हात आपोआप स्पिरिटच्या बाटलीकडे जातो. मी नव्या मुलींना शिकवताना ती बाटली ट्रेमधून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवते. स्पिरिट त्वचेवरचं तेल काढतं आणि औषध शोषलं जाण्याचा वेग बदलतो.

आता वाळू द्या. टॉवेलने टिपा, चोळू नका. गरम हवेचा ड्रायर नको. बोटाच्या मागच्या बाजूने त्वचेला हात लावून पाहा. बोट सरकलं पाहिजे, अडखळलं तर अजून ओल आहे. पाच मिनिटं थांबायला लागली तरी थांबा. ओलसर त्वचेवर लावलेला पॅच पहिल्या दोन तासांतच कडेने उचलतो.

तपासा: त्वचा अखंड, स्वच्छ, कोरडी, गार. चारपैकी एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: चिकटवणं

हातमोजे घाला. पाकीट कडेने फाडा, कात्री आत घालू नका, पॅचला चीर पडू शकते. चिकट बाजूवरचं आवरण अर्धं सोलून तो अर्धा भाग त्वचेवर टेकवा. मग उरलेलं आवरण हळूहळू ओढत दुसरा अर्धा बसवा. अशाने चिकट बाजूला बोट लागत नाही आणि पॅच स्वतःवर गुंडाळला जात नाही.

त्यावर तळवा सपाट ठेवून दाबा. किमान ३० सेकंद, मी पूर्ण एक मिनिट मोजते. तळव्याची ऊब आणि दाब दोन्ही हवेत. शेवटी बोट चारही कडांवरून फिरवा. कडेला हवेचा फुगा राहिला तर तेवढ्या जागेतून औषध आत जात नाही.

स्टेपल किंवा टाका घालून पॅच घट्ट करू नका. औषधाचा थर फुटला तर काय होईल ते टप्पा २ मध्ये आलंच आहे.

सावधान: औषध हाताला लागलं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. साबण किंवा सॅनिटायझर लावलं तर औषध त्वचेत उलट जास्त शिरू शकतं. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र आहे. गरगरलं, झोप यायला लागली तर एकटे बसू नका, लगेच सांगा.

## टप्पा ७: झाकणं आणि लिहिणं

पारदर्शक ड्रेसिंग मला जास्त आवडतं, कारण पॅच जागेवर आहे का हे उघडल्याशिवाय दिसतं. बँडेज बांधलं तर दोन बोटं आत जातील इतकं सैल ठेवा, विशेषतः मानेवर आणि छातीवर. त्यावर मार्करने लिहा: 'फेंटानिल पॅच', ताकद, लावल्याची तारीख आणि वेळ, काढायची तारीख आणि वेळ, तुमची आद्याक्षरं. पॅचवर थेट लिहू नका.

हेच सगळं केसपेपरवर, पिंजऱ्याच्या कार्डावर आणि नियंत्रित औषधांच्या वहीत. रात्रपाळीला येणाऱ्या माणसाला पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर, काही न विचारता कळलं पाहिजे.

## टप्पा ८: लक्ष ठेवणं

एका थंडीच्या रात्री पायाच्या हाडाचं ऑपरेशन झालेली एक मोठी कुत्री गरम गादीवर ठेवली होती. पॅच छातीच्या डाव्या बाजूला, आणि ती झोपली डाव्याच कुशीवर. सगळे म्हणत होते, किती छान झोपली आहे. पहाटे मी नाव घेतलं तर कान हलला नाही. श्वास मोजला तर मिनिटाला ६. गादीच्या उबेने पॅचमधलं औषध भरभर आत जात होतं. आम्ही पॅच काढला, तिला उजव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी नॅलोक्सोन (फेंटानिलचा असर उलटवणारं औषध) दिलं. तिने डोकं उचललं आणि अर्ध्या तासाने पुन्हा टाकलं. नॅलोक्सोनचा असर लवकर ओसरतो, त्वचेत साठलेलं फेंटानिल मात्र रक्तात येतच राहतं. त्या सकाळी तिला पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले. ती घरी गेली, पण 'छान झोपली आहे' हे वाक्य तेव्हापासून मी तपासल्याशिवाय मान्य करत नाही.

म्हणून गरम गादी, गरम पाण्याची बाटली, दिवा, यांतलं काहीही पॅचच्या बाजूला नको. ताप चढला तरी औषध जास्त शोषलं जातं. उलट, अंग गार पडलं किंवा रक्ताभिसरण कमी झालं तर औषध पुरेसं चढतच नाही, आणि भुलीतून उठलेला गार प्राणी पॅच असूनही वेदनेत असू शकतो. अंग गरम ठेवायचंच आहे, फक्त पॅचवर ऊब पडू न देता.

पहिले २४ तास दर दोन ते चार तासांनी हे पाहा आणि लिहा:

- श्वास, पूर्ण एक मिनिट मोजून. झोपलेल्या कुत्र्याचा १० च्या खाली गेला किंवा हाक मारून जाग येत नसेल तर मी डॉक्टरांना उठवते.
- नाडी आणि तापमान. मांजरांचं तापमान या औषधाने वाढू शकतं, त्यामुळे ते जास्त वेळा घ्या.
- पॅच जागेवर आहे का, कडा उचलल्या आहेत का. डोळ्यांनी बघून, अंदाजाने नाही.
- खाणं, लघवी, शौच. लघवी अडकणं सहज नजरेआड होतं. पोट हलक्या हाताने चाचपा.
- वेदनेचे गुण, मोजपट्टीवर.

मोजपट्टी वापराच. ग्लासगोच्या छोट्या मोजपट्टीवर कुत्र्याला २४ पैकी ६ किंवा जास्त गुण आले (चालता येत नसेल तर २० पैकी ५) तर जास्तीचं औषध हवं, असं डॉक्टरांना सांगा. मांजरांसाठी फेलाइन ग्रिमेस स्केल आहे: कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी ० ते २. दहापैकी ४ आले की तेच.

एक अवघड प्रसंग नेहमी येतो: प्राणी ओरडतोय, ते वेदनेने की औषधाने? मी पिंजऱ्यात हात घालून आधी बोलते, मग जखमेपासून दूर सुरुवात करून हळूहळू जखमेकडे बोटं नेते. वेदना असेल तर जखमेजवळ तो दचकतो, वळून बघतो, अंग चोरतो. औषधाने भांबावलेला प्राणी कुठेही हात लावला तरी सारखाच वागतो. डोळे भिरभिरतात, ओळखीच्या आवाजाला थांबत नाही. मांजराच्या बाहुल्या मोठ्या होतात, ते उजेडाला बिचकतं. त्याच्या पिंजऱ्यावर चादर अर्धी टाकली तरी बराच फरक पडतो. शंका असेल तेव्हा दोन्ही निरीक्षणं जशीच्या तशी डॉक्टरांना सांगा, निष्कर्ष काढून नाही.

सावधान: पॅच दिसत नसेल तर तो प्राण्याच्या पोटात आहे असंच धरून चाला. आधी हातमोजे घालून तोंड तपासा, मग अंथरूण, मग शेजारचा पिंजरा. चघळलेला पॅच गिळलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, कारण तोंडातल्या पातळ त्वचेतून औषध सरळ रक्तात जातं. तुकडे काढा, डॉक्टरांना बोलवा, श्वास मोजत राहा.

## टप्पा ९: घरी पाठवायचं असेल तर

माझं मत स्पष्ट आहे: घरात रांगणारं मूल असेल तर पॅचसह पाठवू नये. वापरलेल्या पॅचमध्येही भरपूर औषध उरलेलं असतं आणि गळून पडलेला पॅच मुलाने अंगाला चिकटवून किंवा तोंडात घालून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. डॉक्टरांना ही माहिती तुमच्याकडूनच मिळणार आहे, म्हणून घरी कोण कोण आहे हे विचारून लिहून ठेवा.

पाठवायचं ठरलं तर मालकाला पॅच बोटाने दाखवा. तो कधी काढायचा, काढायला कधी यायचं, हे कागदावर द्या. शेक देऊ नये, आंघोळ घालू नये, दुसऱ्या प्राण्याला तो चाटू देऊ नये. प्राण्याला कुशीत घेऊन झोपू नये, कारण पॅच माणसाच्या अंगाला चिकटतो. उठत नसेल, श्वास संथ वाटला, पॅच सापडत नसेल तर रात्री कितीही वाजता फोन करावा. शेवटी त्यांनाच सगळं परत सांगायला लावा. काय कळलं नाही ते तेव्हाच समजतं.

## टप्पा १०: काढणं आणि नष्ट करणं

हातमोजे घाला. कड उचलून केसांच्या दिशेने हळू ओढा. त्वचा लाल दिसली तर नोंद करा, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. पॅच काढला की चिकट बाजू आत घेऊन लगेच दुमडा आणि घट्ट दाबा. उरलेला चिकटपणा साध्या पाण्याने पुसा.

पॅच काढल्याबरोबर असर थांबत नाही. त्वचेत साठलेलं औषध पुढचे १२ तास किंवा त्याहून जास्त वेळ उतरत राहतं, तोवर निरीक्षण चालू ठेवा. पुढचं वेदनाशामक कधी सुरू करायचं हे पॅच काढण्याआधीच ठरलेलं असावं, म्हणजे मध्ये खड्डा पडत नाही. दुसरा पॅच लावायचा असेल तर नवी जागा, आणि पुन्हा टप्पा १ चं गणित.

दुमडलेला पॅच साध्या कचऱ्यात टाकायचा नाही. नियंत्रित औषध नष्ट करण्याची जी पद्धत तुमच्या दवाखान्याला लागू आहे, तीच पाळा: साक्षीदारासमोर, वहीत दोघांच्या सह्या, वेळ आणि पॅचची ताकद. लावलेला आणि नष्ट केलेला, दोन्ही नोंदी एकमेकांसमोर जुळल्या की मगच ते पान बंद करा.